स्पंजाची बुरशी

आमच्या शाळेत मुलं प्रकल्प करत नाहीत, उचलून आणतात. करणारे घरी असतात, आणि बोटं डिंकाने चिकटली म्हणून त्या दिवशी कामाला दांडी मारतात. मी प्रयोगशाळेचा मदतनीस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी शाळेने मला सोडलेलं नाही, कारण कुठली किल्ली कुठल्या कपाटाची हे मला एकट्यालाच ठाऊक आहे आणि मी ते कुणाला सांगत नाही.

इथे मी एकच ज्वालामुखी सलग सात वर्षं पहिला येताना पाहिलाय. पहिल्या वर्षी तो ज्वालामुखी होता. दुसऱ्या वर्षी त्याला मातकट रंग मारून वारूळ केलं, मग उलटा करून माणसाचं जठर, मग भोकं पाडून मधमाश्यांचं पोळं. आठव्या वर्षी कुणीतरी त्याला परत ज्वालामुखी केलं, तर परीक्षक म्हणाले, कल्पना जरा जुनी वाटते. एकदा कुणाच्या तरी सूर्यमालेतला गुरू सुटला, जिन्यावरून गडगडत गेला आणि थेट मुख्याध्यापिकांच्या खुर्चीत जाऊन बसला. पाऊण तास शिक्षक त्याच्यासमोर रजेचे अर्ज ठेवून जात होते. एकाचा अर्ज मंजूरही झाला.

यंदा वरून परिपत्रक आलं: सादरीकरण सर्जनशील हवं. शंभरातले ऐंशी गुण सादरीकरणाला, वीस विषयाला. सोबत यादीच होती. नाटुकलं करा, बाहुल्या नाचवा, गाणं म्हणा, वेश घ्या, दिवे लावा. विज्ञानाच्या बाईंनी परिपत्रकाच्या चार घड्या घातल्या आणि मला म्हणाल्या की मामा, यंदा सुतळी जास्त लागेल. त्या शहाण्या आहेत, पण नोकरीवर आहेत.

आता खारूताईबद्दल. सहावीतली पोरगी. खिशात कायम काहीतरी कोंबलेलं, म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं. सुट्टी संपल्यावर शाळेने बेसिनांवरचे साबण उचलले होते आणि प्रत्येक दाराशी सॅनिटायझरची बाटली टांगली होती. दिसायला आधुनिक. महिन्याभरात खारूताईच्या वर्गातली निम्मी पोरं पोट धरून घरी बसली. तिने मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं की साबण परत ठेवा. त्या म्हणाल्या, हे तुला कसं कळलं ते प्रकल्पात सिद्ध करून दाखव, मग बघू.

पोरीने ते शब्दशः घेतलं. पावाचे पाच काप आणले. एकाला मळके हात लावले, दुसऱ्याला नुसत्या पाण्याने धुतलेले, तिसऱ्याला साबणाने धुतलेले, चौथ्याला सॅनिटायझर लावलेले, पाचव्याला कुणीच शिवलं नाही. सगळे हवाबंद पिशव्यांत घालून वर चिठ्ठ्या डकवल्या आणि माझ्या कपाटात ठेवले. तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीत येऊन वहीत टिपण. सॅनिटायझरचा काप मळक्या हातांच्या कापाइतकाच काळानिळा झाला. साबणाचा मात्र जसा आणला तसा राहिला. मी या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली, पण इथे कुणाला काही नवीन कळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण नियम असा की शेवटच्या शुक्रवारी प्रकल्प घरी न्यायचा आणि त्याला सर्जनशील रूप देऊन सोमवारी सभागृहात आणायचा. खारूताईचे वडील सजावटकार. प्रदर्शनातले गाळे सजवतात. रिकाम्या खोक्यावरही असा दिवा सोडतील की लोक रांग लावून आत डोकावतील. अशा माणसाच्या घरात पोरीने विश्वासाने पाच पिशव्या नेल्या.

सोमवारी सभागृहात काय काय होतं ते सांगायला बसलो तर तुमची जेवायची वेळ टळेल. एकीला पचनसंस्था म्हणून बावीस फूट नळीत गुंडाळलं होतं, तिला सोडवायला तीन शिक्षक आणि कात्री लागली. एक मुलगा लाल रजई पांघरून हृदय झाला होता, तो उकाड्याने मध्येच बंद पडला. परीक्षक म्हणून सर्जनशीलतेचे कुणी सल्लागार बोलावले होते. गळ्यात रुमाल, पायांत मोजे नाहीत. प्रत्येक प्रकल्पाला ते डोळे मिटून दाद देत होते, त्यामुळे प्रकल्प त्यांनी फारसा पाहिला नाही.

खारूताईच्या मेजावर मखमली कापड होतं. घरी वडिलांनी तिला हातच लावू दिला नव्हता, म्हणे तुलाही आश्चर्य वाटू दे. कापड उचललं. खालून दिवे लागले, चकती हळूहळू फिरू लागली आणि तिच्यावर स्पंजाचे पाच पाव मिरवू लागले. हिरव्या मखमलीची बुरशी, तिच्यावर चकचकीत दवबिंदू. सगळ्यात घनदाट बुरशी मधल्या पावावर, आणि मधल्या पावाची चिठ्ठी साबणाची.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिका पुढे वाकून बघू लागल्या.

पोरीने वाकून मधली चिठ्ठी वाचली. मग तिने माइक हातात घेतला.

"हे खरे नाहीत. खरे बाबांनी टाकून दिलेत वाटतं. साबणाच्या पावावर काहीच उगवलं नव्हतं."

पहिल्या रांगेतून वडील म्हणाले, "अगं, किती वास मारत होते ते. आणि मधला एकदम मोकळा दिसत होता, नजर थांबतच नव्हती त्याच्यावर."

"तो मोकळाच होता, बाबा. तेच सांगायचं होतं मला."

सल्लागारांनी चक्क डोळे उघडले. तिने वही काढली आणि एकेका दिवसाची नोंद वाचू लागली. चौथ्या दिवशी अमुक, नवव्या दिवशी तमुक. पाचवी-सहावीची पोरं गप्प बसून ऐकत होती. मोठी माणसं फिरत्या चकतीचे फोटो काढत होती.

निकाल लागला. पहिलं बक्षीस खारूताईला. सल्लागार भाषणात म्हणाले की मांडणी तर देखणी होतीच, पण स्वतःच्याच प्रकल्पावर आक्षेप घेण्याची ती नाट्यमय कल्पना, वहीतून वाचण्याचा तो साधेपणाचा अभिनय, असं सादरीकरण त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. पोरगी जागची हलली नाही. वडील टुणकन व्यासपीठावर चढले, करंडक घेतला आणि उजेड कुठून येतोय ते पाहून उभे राहिले. मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की साबणाचा धोका या मुलीने डोळ्यांसमोर आणून दिला, म्हणून आणखी दहा बाटल्या टांगण्यात येतील.

मी शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या पदरचं असतं तर मी त्यांना थोडी अक्कल दिली असती.

मंगळवारी मधल्या सुट्टीत खारूताई आली, हातात अख्खा पाव घेऊन. मी म्हटलं, आता कशाला, बक्षीस तर मिळालं. ती म्हणाली, "मामा, बक्षीस मिळालं, पण साबण कुठे मिळाला?" पिशव्या या वेळी घरी नेणार नाही, हे तिने आधीच बजावलं. शिवाय सॅनिटायझरच्या कापाला तिला स्वतःचा हात लावायचा नव्हता. तो मुख्याध्यापिकांचा हवा होता, आणि विचारायचं काम तिने माझ्यावर टाकलं.

मी गेलो. मुख्याध्यापिका खूश झाल्या. नव्या बाटलीतून भरपूर सॅनिटायझर घेतला, कोपरापर्यंत चोळला, हात कोरडा केला आणि काप असा दाबला की पाची बोटं उमटली. मग मी म्हटलं, बाई, सादरीकरणासाठी पिशवीवर तुमची सही हवी. सादरीकरण म्हटल्यावर त्यांनी झोकदार सही केली, खाली तारीख आणि हुद्दाही घातला.

बाविसाव्या दिवशी पोरीने ती पिशवी त्यांच्या मेजावर नेऊन ठेवली. आतली पाची बोटं हिरवी आणि केसाळ झाली होती, पण सही स्पष्ट वाचता येत होती.  मुख्याध्यापिकांनी पिशवीवर आधी हजेरीपट ठेवला, मग त्यावर शब्दकोश, आणि तिला वर्गात जायला सांगितलं.

गुरुवारी सगळ्या बेसिनांवर साबण होता. परिपत्रक निघालं नाही. खारूताईने घंटा व्हायच्या आत हात धुतले, ओंजळ नाकाशी नेऊन वास घेतला आणि माझ्या कोटाला पुसून वर्गात पळाली.