बिनघड्याळाचा खेळ

“घड्याळ नको,” हेमा म्हणाली. “घड्याळ सुरू झालं की मला धडधडायला लागतं.”

तनयाने तिच्या हातातून मोबाईल घेतला. समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी, आयटीतली पोरगी. शनिवार म्हणून उशिरा उठली होती आणि दात घासायच्या आतच शेजारच्या मावशी दारात उभ्या होत्या.

“टायमर नको, लाइफ संपायला नको, इंग्रजी शब्द नकोत, आवाज नको,” तनया म्हणाली. “मावशी, मग गेममध्ये उरलं काय?”

“ते तू शोध. म्हणून तर आले.”

“म्हणजे लक्षच द्यायला लागणार नाही असा गेम?” तनयाला हसू आलं.

“लक्ष द्यायचं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मला घरात लागतं.”

तनया हसायची थांबली. उरलेलं अर्धं कुणासाठी लागतं, हे तिला ठाऊक होतं.

हेमाच्या घरात आई होती. यमुनाबाई. वय ऐंशीच्या पुढे. पाय शाबूत, हात शाबूत, दात निम्मे आणि डोकं लागलं तर लागलं, नाहीतर नाही. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही, पण नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत कुठल्या विद्यार्थ्याला डब्यात तिखट कमी लागायचं ते आठवायचं. नवरा गेल्यावर तिने त्या डब्यांवरच दोन मुलं वाढवली. मुलगा पुष्कर आता बंगळुरूला होता. हेमा एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. आईला एकटं ठेवता येईना तेव्हा तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर कान देऊन बसायला लागली. आई उठली का, नळ सोडला का, दाराची कडी काढली का. “घरात बसून कंटाळा नाही येत?” असं लोक विचारायचे. कंटाळा यायला आधी निवांतपणा लागतो, हे कुणाकुणाला समजावत बसणार?

जिवाला विरंगुळा म्हणून तिने मागे एक गेम घेतला होता. रंगीत गोळ्या जुळवायच्या, तेही वेळ संपायच्या आत. तो गेम चांगला होता, फारच चांगला होता, हीच त्याची अडचण. हेमा त्यात बुडाली आणि तिकडे आईने रिकामी कढई गॅसवर ठेवली. जळका वास आला म्हणून हेमा धावली, तर आई धुरात उभी राहून झाऱ्याने काहीच नसलेलं परतत होती. त्याच संध्याकाळी हेमाने स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप घातलं.

कुलपाने गॅसची काळजी मिटली, पण आई जेवेनाशी झाली. तिचा जन्मभराचा शिरस्ता होता: आधी डबे जायचे, मग स्वतःचं पान. कामाला हात न लावता जेवणाऱ्याला ती पाहुणा म्हणायची, आणि पाहुण्यांविषयी तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. ताट पुढे ठेवलं की ती हेमाकडे बघायची.

“कशाचं जेवू? केलंय काय मी सकाळपासून?”

“अगं, भूक लागली म्हणून जेवायचं.”

“भूक कुत्र्यालाही लागते.”

मग दोन घास, तेही हेमाच्या डोळ्यांतलं पाणी बघून. आईच्या दंडावरची वाकी कोपराखाली घसरायला लागली. डॉक्टरांनी वजनाचा काटा दाखवला आणि असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणाले. नळी हा शब्द हेमाच्या छातीत रुतून बसला.

तनयाने त्या शनिवारी शोधून दिलेला गेम साधा होता. उभ्या बाटल्या, त्यांत थरावर थर रंगीत पाणी. एका बाटलीतलं दुसरीत ओतायचं आणि एकेका बाटलीत एकेक रंग करायचा. चुकलं तर मागे यायचं. कुणी ओरडत नाही, कुणी मरत नाही. फक्त अधूनमधून जाहिरात यायची. तिच्यात एक राजा पाण्यात बुडत असायचा आणि हेमाने त्याला वाचवावं अशी त्याची अपेक्षा असायची. हेमाकडे आधीच एक माणूस वाचवायला होतं. ती राजाला खुशाल बुडू द्यायची.

आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून ती खेळायची. बोट चालायचं, कान खोलीत असायचा. लाल लालात, हिरवं हिरव्यात. श्वास सावकाश व्हायचा. डोक्यातलं ते नळीचं, पुष्करचं, ‘माझ्यानंतर माझं कोण बघेल’चं थोडा वेळ खाली बसायचं. आणि असंच एकदा ओतता ओतता तिच्या मनात आलं, की हे तर निवडणं आहे. आईने आयुष्यभर हेच केलं.

दुसऱ्या दिवशी तिने परातीत मूग, मसूर, मटकी आणि चवळी एकत्र ओतली आणि ती आईपुढे आणून ठेवली.

“आई, दुकानदाराने घोळ केलाय. सगळं एकात आलंय. तनयाच्या ऑफिसातल्या मुलींचे डबे आहेत, उसळ टाकायचीय. निवडून देतेस?”

आईने परातीकडे पाहिलं, मग हेमाकडे.

“कुठला दुकानदार? बदल त्याला.” आणि पदर खोचून ती बसलीसुद्धा. “किती पोरी?”

“आहेत बऱ्याच.”

“बऱ्याच म्हणजे किती? अंदाजाने डबे होतात का?”

कडधान्याचे चार ढीग झाले. आईने ते चार डब्यांत भरले, हात धुतले, पान मागितलं आणि आपल्या हाताने पोटभर जेवली. वर आमटीत चिंच कमी पडली म्हणून हेमाला बोललीही. हेमा न्हाणीघरात जाऊन रडून आली. इतक्या दिवसांत कुणी तिला असं मायेने बोललं नव्हतं.

मग तो रोजचाच क्रम झाला. दुपारी आई झोपली की हेमा चारही डबे परातीत उलटे करायची, परात दोन्ही हातांनी हलवायची आणि झाकून ठेवायची. सकाळी दुकानदाराला शिव्या, निवडणं, मग जेवण. तनयाला तिने सगळं सांगून ठेवलं होतं. तीही जाता-येता डोकावायची.

“आजी, कालची उसळ एकदम भारी. पोरी बोटं चाटत होत्या.”

“मटकीला मोड नीट आले होते का?”

“एकदम मस्त.”

“मग ठीक.” आईचा चेहरा तेवढ्यापुरता पूर्वीचा व्हायचा. तनया जिन्यात हेमाला म्हणायची, “मावशी, मला ना फार गिल्टी वाटतं.” हेमा म्हणायची, “वाटू दे. जेवते ना ती?”

आपण आईला फसवतोय हे हेमाला कळत होतं. पण वाकी पुन्हा दंडावर चढली होती, आणि त्यापुढे बाकी सगळं तिला क्षुल्लक वाटत होतं.

चूक झाली ती एरंडेलापायी. आईच्या तळपायांना चोळायला एरंडेलाची बाटली पलंगाशेजारी असायची. एका सकाळी मूग निवडून झाले आणि आईच्या हातांना जुनं काहीतरी आठवलं असावं. साठवणीच्या मुगाला किडा लागू नये म्हणून एरंडेलाचं बोट लावतात. तिने डब्यातले मूग हातावर घेऊन घेऊन चोळले, परत भरले आणि झाकण लावलं. हेमा तेव्हा उंबऱ्याशी मोबाईलवरच्या बाटल्या लावत होती. आई काही बडबडली नाही, उठली नाही, कडी वाजली नाही. कानाने सगळं ठीक आहे असं सांगितलं. दुपारी तिने रोजच्यासारखे डबे परातीत उलटे केले. दाण्यांना हात लावायची वेळच आली नाही, त्यामुळे तेल कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने निवडायला घेतलं, कडेला चार छोटे ढीग झाले आणि ती थांबली. मुगाचे दोन-चार दाणे बोटांत चोळले. नाकाशी नेले.

“हे मूग चोळलेले आहेत.”

“दुकानातूनच आले असतील तसे,” हेमा म्हणाली.

“दुकानदार एरंडेल लावून देतो होय तुला? मोठा प्रेमाचा दिसतोय.” आईने बोट पुन्हा हुंगलं. “हे मी चोळलेत.”

हेमाने परात ओढून घ्यायला हात पुढे केला.

“काल त्या पोरींनी उसळ खाल्ली म्हणालीस.”

“आई...”

“मग हे मूग इथे कसे?”

आईने परातीकडे नीट पाहिलं, जणू कुणीतरी ती आत्ताच समोर आणून ठेवली होती.

“पोरीच नाहीत ना?”

हेमाने मान हलवली. आईने हात झटकले, एकेक बोट पदराला पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्या दिवशी ती जेवली नाही. रात्रीही नाही. आई विसरेल, अशी हेमाला आशा होती. हेमाचं नाव विसरते, बाबा गेलेत हे विसरते, मग हेही विसरेल. आईच्या विसरण्याबद्दल तिने आजवर देवाला दोष दिला होता. त्या रात्री तिने त्याच विसरण्यासाठी हात जोडले आणि स्वतःचीच तिला किळस आली. सकाळी आईने डोळे उघडले. चहा अर्धा घेतला. परात पलंगाखाली होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. यमुनाबाई विसरली नव्हती.

“काय कमावलंय मी, म्हणून जेवू?” पान पुढे केल्यावर ती एवढंच म्हणाली. यावेळी आवाजात खोच नव्हती, म्हणून हेमा जास्त घाबरली.

पुष्करचा फोन आला. “ताई, उगाच भावनेच्या भरात राहू नकोस. ॲडमिट करू, नळी घालू. मी टाकतो रजा.”

“तिचे हात बांधून ठेवतील रे. नळी ओढू नये म्हणून.”

“मग दुसरा काय पर्याय आहे?”

उद्या सकाळपर्यंत बघू, म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारी ती आईच्या पलंगाशी खाली बसली. रडायचं तर आईसमोर कसं, आणि उठून जायचं तर आईला सोडून कसं. हात आपोआप मोबाईलकडे गेला. लाल लालात ओतलं. जांभळं अडकलं, ते मोकळं केलं. किती वेळ गेला कोण जाणे, वरून आवाज आला.

“काय चाललंय?”

“काही नाही. खेळतेय.”

“बघू.”

हेमाने मोबाईल वर धरला. आई कोपरावर उठली. बराच वेळ बघत राहिली.

“हे निळं तिकडे घाल की. दिसत नाही का?”

हेमाने निळं तिकडे घातलं. शेवटची बाटली भरली, चांदण्या उडाल्या, आणि लगेच नव्या बाटल्या आल्या, सगळे रंग एकात एक.

“आता हे कुणी कालवलं?”

“मोबाईलच कालवतो.”

“आणि तू परत निवडायचं.”

“हो.”

“कुणासाठी?”

खोटं बोलायची सवय हेमाच्या जिभेवर होती. पण तिच्यात आता त्राण उरलं नव्हतं.

“कुणासाठीच नाही, आई.”

“मग कशाला करतेस?”

“जरा बरं वाटतं. डोकं गप्प बसतं तेवढा वेळ.”

आई उशीला टेकली. पंख्याकडे बघत राहिली. हेमाला वाटलं, संपलं, पुन्हा कुठेतरी हरवली ती.

“मग मला तसं सांगायचंस,” आई म्हणाली. “त्या पोरींना मध्ये कशाला आणलंस?”

“तू जेवत नव्हतीस गं.”

“हं.”

मग तिने पलंगाखाली बोट दाखवलं. “ती परात काढ.”

हेमाने पलंगाखालची परात ओढून तिच्यापुढे ठेवली. काल अर्धवट राहिलेलं निवडण तसंच होतं. मधे मिसळलेलं, कडेला चार छोटे ढीग. आईने तळहात आडवा केला आणि एकेक ढीग मधे लोटला. मूग, मसूर, मटकी, चवळी. दोन्ही हात घालून तिने सगळं वरखाली केलं, पीठ मळावं तसं, आणि मग निवडायला लागली.

पण हा हात वेगळा होता. आधीच्या हाताला घाई असायची, डबे वेळेवर जायचे असायचे. हा हात सावकाश चालला होता. मसुराचा एक दाणा मुगात पडला. आईने तो पाहिला. काढला नाही. जिने विद्यार्थ्यांच्या वरणात खडा सापडला म्हणून अख्खं पातेलं ओतून दिलं होतं, ती हीच बाई होती.

हेमा उठली. कुलूप काढून आत गेली, वरणभात वाढून आणला. तूप घातलं. आईपुढे ताट ठेवलं.

“आई, हात धुतेस?”

आईने हात परातीतून काढले नाहीत. बोटं दाण्यांतून फिरत होती, निवडत होती की नुसती फिरत होती ते कळत नव्हतं.

“तूच भरव,” ती म्हणाली.

मागे आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, तेव्हाही तिने नर्सचा हात बाजूला सारून चाचपडत स्वतःचं ताट शोधलं होतं. हेमाने भात मऊ कालवला, लहानसा घास केला आणि पुढे धरला. आईने तो घेतला, निमूट चावला, गिळला, आणि परातीवरची नजर न काढता पुन्हा तोंड उघडलं.