मारतहळ्ळीचा तिसरा मजला

बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची, दर रविवारी दुपारी. सुचेता पाटोळे अकरा वर्षं तिथली सेक्रेटरी. हजेरीची वही, चहाची पाळी, नाताळचा कार्यक्रम, सगळं तिच्याकडे. कुणी विचारलं असतं तर आपली श्रद्धा भक्कम आहे असंच तिनं सांगितलं असतं. पण प्रार्थनेला डोळे मिटले की तोंड आपोआप चालायचं आणि मन घरच्या कुकरपाशी. हे किती वर्षं चाललं होतं, तिलाही सांगता आलं नसतं.

त्या रविवारी उपासना आटोपून पंचांची बैठक बसली होती. मंडळीला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती आणि जेवणात बिर्याणी चिकनची की मटणाची यावर वाद रंगला होता. तेवढ्यात सुचेताचा फोन वाजला.

"आंटी, मी पवित्रा. श्वेताची रूममेट, मारतहळ्ळीहून." पलीकडची मुलगी हिंदीत भरभर बोलत होती. "श्वेता शुक्रवारी सकाळी गेली ती आलीच नाही. फोन बंद आहे. आणि तिचं इन्सुलिन इथंच फ्रीजमध्ये आहे. सगळंच्या सगळं."

श्वेता. चेहरा आठवायला सुचेताला क्षणभर लागला. जालन्याची, चोवीस वर्षांची, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. लहानपणापासून साखरेचा आजार. एकदा तिनं विचारलं होतं, "काकू, उपासनेनंतर तुमच्याकडे येऊ का? रूमवर एकटीला नको वाटतं." सुचेता म्हणाली होती, "ये की, पण पुढच्या आठवड्यात." तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही. नंतर पोरगीही दिसेनाशी झाली, आणि सुचेतानं वहीत तिच्या नावापुढे फुल्या मारल्या.

"गेलीय कुठं?"

"मागच्या गल्लीत एक प्रार्थनाघर आहे. दोन महिने तिथंच जायची. तिथले बंधू म्हणतात, सुई घेणं म्हणजे अविश्वास. मी दोनदा जाऊन आले, मला दारातूनच परत पाठवलं. तुम्ही तिच्या चर्चच्या. तुमचं ऐकतील."

सुचेतानं पंचांना सांगितलं. थोरले पंच रत्नाकर सर म्हणाले, "असल्या लोकांच्या नादी न लागलेलं बरं. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात आमेन झालं आणि कुणीतरी म्हणालं, "मग मटणच ठरवू या."

सुचेताच्या तोंडून आमेन निघालं नाही. तिनं पर्स उचलली आणि बाहेर येऊन टॅक्सी बोलावली.

गल्लीच्या तोंडाशी पवित्रा रिक्षा थांबवून उभी होती. इमारत साधीच होती. खाली झेरॉक्सचं दुकान, वर बिऱ्हाडं. तिसऱ्या मजल्यावर दारासमोर चपला लावून ठेवल्या होत्या, तीसेक जोड, एका रेषेत. एवढी माणसं आत, आणि आवाज मात्र कसलाच नाही. ना गाणं, ना बोलणं, ना भांड्याचा खणखणाट.

दार एका हसतमुख बाईनं उघडलं. तिच्यामागून पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस आला. हेच बंधू विराज. बोलणं मऊ, मराठी स्वच्छ.

"श्वेता उपवासाला बसली आहे. ती बरी होते आहे. संशय घेऊन आत येऊ नका."

"मी तिच्या मंडळीतून आले आहे."

"अस्सं?" तो शांतपणे तिच्याकडे बघत राहिला. "दोन महिने ती रोज इथं येते, आमच्याबरोबर जेवते, आमच्यापाशी रडते. तुम्ही आज पहिल्यांदा आलात का हो, ताई?"

सुचेताला खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ वळली नाही.

"हो. पहिल्यांदाच."

आणि त्याला बाजूला सारून ती आत शिरली, मागोमाग पवित्रा.

खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. पिवळट अंधारात माणसं भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. एकानंही मान वर केली नाही. मधोमध चटईवर श्वेता. मैलभर पळून आल्यासारखी धापा टाकत होती, ओठ फुटले होते, आणि श्वासाला नासलेल्या फळासारखा वास.

"श्वेता! अगं, मी पाटोळेकाकू."

डोळे किलकिले झाले. "आई, पाणी," एवढंच ती म्हणाली.

सुचेता खाली बसली. प्रार्थनेचे पाठ शब्द एकही आठवेना. "देवा, हिला सोडू नकोस. मी सोडली होती, तू सोडू नकोस," ती पुटपुटली आणि पोरीच्या काखेत हात घातले.

"हिला इथून हलवलंत आणि काही झालं," मागून बंधू विराज तितक्याच मऊपणे म्हणाला, "तर तिचं रक्त तुमच्या माथी."

"असू दे माझ्या माथी. पवित्रा, पाय धर!"

दोघींना ओझं झेपेना. तेव्हा भिंतीपाशी बसलेला एक तरुण उठला. सुशांत त्याचं नाव, हे पुढे कळलं. बंधूकडे न बघता त्यानं श्वेताला खांद्यावर घेतलं. जिना उतरताना तो सुचेताच्या कानाशी म्हणाला, "आत मानसिंग म्हणून एकजण आहे. पीण्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याशा कारखान्यात कामाला. फिट येतात त्याला. गोळ्या बंद करायला लावल्यात."

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर हाती काही लागलं नसतं. तिथूनच सुचेतानं पोलिसांना मानसिंगचं सांगितलं. पण ते पोचेपर्यंत तिसऱ्या मजल्याला कुलूप लागलं होतं. चपला नव्हत्या, माणसं नव्हती. घरमालकाला त्यांचा पत्ता ठाऊक नव्हता.

मंगळवारी श्वेता बोलू लागली. आधी तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "काकू, मी बरी होत आले होते. का आलात?"

"उशिरा आले, म्हणून तू त्यांच्याकडे गेलीस. चुकलं माझं." सुचेता स्टुलावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं श्वेतानं न वळताच हात मागे केला, तो तिनं धरला.

पुढच्या रविवारी अहवाल वाचायला ती उभी राहिली आणि हजेरीच्या वहीतली नावंच वाचू लागली. सहा महिन्यांत न आलेली. एकेचाळीस.

"यातलं कोण कुठं आहे, सांगा. कुणालाही ठाऊक असेल तर सांगा."

तिनं रांगांवरून नजर फिरवली आणि वही मिटली.

"मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली. "फुल्या मात्र मीच मारल्यात. आणि त्या प्रार्थनाघरातला, फिट येणारा मानसिंग तर आपल्या वहीतही नाही; पोलिसांनाही तो अजून सापडलेला नाही. आज चहा नाही. मी आधी त्याला शोधायला पीण्या वसाहतीत चालले आहे. गोळ्या बंद होऊन किती दिवस झालेत, देव जाणे."

रत्नाकर सर गाडीची किल्ली काढून उठले. त्यांच्यामागे आणखी चौघं उठले, बाकीचे बसून राहिले.

पहिल्या सात कारखान्यांत त्या नावाचा माणूस कुणाला माहीत नव्हता. आठव्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं नाव ऐकलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून विचारलं, "परवाच गेला तो बिचारा. तुम्ही त्याचे कोण?"