सतराव्या ओळीतलं बाळ

‘ओळ सतरा. आकडा अपेक्षित,’ एवढं पडद्यावर लिहून प्रोग्राम जो अडून बसला, तो हलेना. बेरीजकाकांनी तो दोनदा बंद करून चालू केला, मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी नाइलाजानं फाइल उघडली.

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखात्याच्या शेजारी त्यांची खोली. बारा महिने गरम वाफ आणि फिनेलचा वास. दर शनिवारी प्रत्येक वॉर्डातून आकड्यांची एक साधी फाइल यायची. काकांचा प्रोग्राम ती ओळीओळीनं वाचायचा, आकडे उचलायचा, बेरीज करायचा, सरासरी काढायचा आणि तक्ता छापायचा. प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. तो लिहिला तेव्हा डोक्यावर केस होते. आता तेवढा प्रोग्राम राहिला होता.

आजची फाइल नवजात बाळांच्या वॉर्डातली होती. प्रत्येक ओळीत काचपेटीचा नंबर, स्वल्पविराम आणि बाळाचं वजन. सतराव्या ओळीत पेटीचा नंबर होता, स्वल्पविराम होता आणि पुढे एकच शब्द: ‘गेलं’.

चार वाजता तक्ता मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर हवा होता. वॉर्डातला फोन कुणी उचलेना. काका गुडघ्यांची कुरकुर ऐकत जिने चढून वर गेले.

“सिस्टर, अहो, असं झालं की शून्य टाकायचं, हे ठरलंय ना आपलं? शब्द वाचता येत नाहीत त्याला.”

“माहितीये. तुम्हीच शिकवलंत.” सिस्टर रिकामी काचपेटी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मग?”

“परवा बाराशे दहा ग्रॅम भरलं होतं, काका. वीस ग्रॅम वाढलं म्हणून आम्ही सगळ्या खूश. आणि काल गेलं. शून्य कसं टाकू? शून्य वजनाचं होतं का ते?”

“तसा अर्थ नसतो हो त्याचा! शून्य दिसलं की ती ओळ सोडून द्यायची, बेरजेतही नाही आणि मोजणीतही नाही. एवढंच.”

“तेच म्हणतेय मी. सोडून द्यायची.” सिस्टरांचा हात थांबला. “सकाळी त्याची आई घरी गेली. जाताना भिंतीवरचा तक्ता बघून म्हणाली, सिस्टर, ह्यात आमचं बाळ धराल ना? मी हो म्हणून बसले. आता मला खोटी पाडू नका.”

“मला कशाला ओढताय यात? मी खाली बसून बेरजा करणारा माणूस.”

“तुम्हाला मुलं किती, काका?”

“एक मुलगी. माहितीये की तुम्हाला.”

“आणि काकू किती सांगतात?”

काका जिन्याकडे वळले. मुलीच्या आधीचा मुलगा ह्याच वॉर्डात चार दिवस होता आणि सिस्टर तेव्हा नोकरीला नुकत्याच लागलेल्या होत्या. काकू अजूनही कुणी विचारलं की दोन सांगत. काका घाईघाईनं “एकच हो” म्हणून दुरुस्त करत, आणि मग काकू काहीतरी आणायला आत जात. पाहुण्यांना कळत नसे. काकांना कळायचं, पण विषय वाढवायची त्यांची हिंमत नव्हती.

खाली येऊन त्यांनी ‘गेलं’ खोडलं आणि तिथे शून्य टाकलं. प्रोग्राम लगेच सरळ चालू लागला. ‘एकूण बाळं तेवीस.’ तक्ता छापून बाहेर आला. आता तो फक्त नेऊन द्यायचा होता. काका कागद हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांना फार थकल्यासारखं झालं. मग ते परत खुर्चीत बसले.

त्यांनी तो शब्द पुन्हा जागेवर ठेवला आणि प्रोग्रामच बदलायला घेतला. स्वल्पविरामापुढचं आधी अक्षरं म्हणून वाचायचं, आकडा निघाला तर बेरजेत घ्यायचा, नाही निघाला तरी बाळ मोजायचं. पहिल्या खेपेला सरासरी धाडकन खाली आली, कारण भागाकारात गेलेलं बाळही आलं होतं. डोकं चालेनासं झालं होतं. शेवटी मोजण्या दोन केल्या, बाळांची वेगळी आणि वजनांची वेगळी, तेव्हा कुठे जमलं. चार केव्हाच वाजून गेले होते.

“काका, बाळं चोवीस आणि वजनं तेवीस?” मोठ्या डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “जुळत नाहीये हे.”

“नाहीच जुळणार, मॅडम.”

“वरच्या ऑफिसातून विचारतील, मग काय सांगू?”

“एक गेलं, असं सांगा.”

डॉक्टर दिवसभराच्या राउंडनं दमलेल्या होत्या. त्या कागदाकडे बघत राहिल्या. “आणि आधीची?”

“जुन्या फाइलींत शून्यं आहेत. म्हणजे ओळी आहेत. सगळ्या पुन्हा वाचून घेतो. पार पहिल्या फाइलीपर्यंत.”

“त्याच्याही आधीची?”

“तेव्हा फाइली नव्हत्या,” काका म्हणाले. डॉक्टरांनी सही केली.

घरी काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “उशीर केलात.”

“वॉर्डातलं एक बाळ तक्त्यात येत नव्हतं.”

“मग? आलं का?”

“आलं.” काका पलंगाच्या कडेला टेकले. चपला काढायच्याही राहून गेल्या. इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं त्यांनी विचारलं. “आपल्या... आपल्या त्याचं वजन किती होतं गं?”

“सोळाशे चाळीस,” काकू लगेच म्हणाल्या. “चौथ्या दिवशी सोळाशे.”

हातातल्या टॉवेलची घडी झाली होती. ती त्यांनी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.