हातभर दोरी

“पायरी. अजून एक. आता सैल खडी आहे, पाय दाबून टाक.”

“आणि आजूबाजूला?”

“आजूबाजूला काय, दगड.”

“दगड मलाही लागतात पायाला. रंग सांग रे, मजल्या.”

लिफ्टमनने पळता पळता मान वर केली. सकाळचं धुकं दरीत दुधासारखं साचलं होतं आणि पायवाट त्यात उतरत चालली होती. “वरचा दगड पिवळा,” तो म्हणाला, “जुन्या वहीच्या कागदासारखा. त्याखाली विटकरी. त्याखाली अजून दिसत नाही.”

“मग चल खाली. दिसेल.”

दोघांच्या हातांत एकाच दोरीची दोन टोकं होती. हातभर दोरी, दोन्हीकडे फास. वाट रुंद असली की ते शेजारी शेजारी पळत, अरुंद झाली की लिफ्टमन पुढे आणि दोरी पाठीमागे. दोघंही एकाच इस्पितळात नोकरीला. लिफ्टमनचं काम स्टुलावर बसून माणसं वर-खाली पोचवायचं. वर-खाली जन्मभर केलं, पण पायांनी कधीच नाही. मित्राचं काम तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्म धुण्याचं. लहानपणीच एका तापात त्याचे डोळे गेले होते. “जिथे सगळेच चाचपडतात, तिथे मी राजा,” असं तो म्हणे. ‘काळोख्या’ हे नावही त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं, आणि मजले मोजणाऱ्या लिफ्टमनला ‘मजल्या’. दर रविवारी सकाळी दोघं तळ्याभोवती पळत, हीच दोरी धरून.

पण तळं सपाट असतं, आणि ही दरी होती. डोंगर आधी दमवतो आणि मग सोडून देतो. दरीचं उलट. ती आधी लाड करते, अलगद खाली नेते, आणि केलेले सगळे लाड समोरच्या कड्यावर वसूल करते. एवढं तर शाळकरी पोरालाही कळेल. लिफ्टमनलाही कळत होतं.

काळोख्या आता निवृत्त होऊन दूर बहिणीकडे राहायला जाणार होता. जाण्याआधी त्याला इथल्या दरवर्षीच्या शर्यतीत ही दरी या काठापासून त्या काठापर्यंत पळून पार करायची होती. डोळे होते तेव्हा वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून नदीपर्यंत आणलं होतं, समोरचा कडा दाखवला होता आणि म्हणाले होते, “तिकडे पुढच्या वर्षी.” मधे तो ताप आला.

“तिकडचा वारा अंगावर घ्यायचाय,” एवढंच तो म्हणाला होता, आणि लिफ्टमनने हो म्हटलं होतं.

त्याच सुमारास लेक तान्ह्या नातीला घेऊन माहेरी आली. संध्याकाळी बूट चढवायला म्हणून लिफ्टमन खुर्चीत टेकायचा आणि नात त्याच्या छातीवर झोपून जायची. आता झोपलेल्या लेकराला उठवून कोण पळायला जाईल? बायको विचारी, “अहो, जाणार होतात ना?” तो ओठांवर बोट ठेवी. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शिरता शिरता काळोख्या विचारी, “काय रे, सराव?”

“जोरात,” तो म्हणे.

धुक्यातून पावलांचा आवाज आला आणि निळी टोपी घातलेली एक बाई दोघांना ओलांडून गेली. पुढच्याच वळणावर ती बुटातला खडा काढत बसलेली भेटली.

“पत्रं वाटते मी,” ती म्हणाली. “पायांना सवय आहे, पण कुत्रं मागे लागल्याशिवाय वेग काही येत नाही.”

“मग याला भुंकायला सांगू का?” काळोख्या म्हणाला. तिचं हसणं बराच वेळ त्यांच्या मागे घरंगळत राहिलं.

धुकं विरळ झालं. ऊन खाली उतरलं आणि दोन्हीकडचे कडे मधासारखे चमकू लागले. पाय आपले नव्हेतच, कुणाकडून तरी मागून आणलेत, असं लिफ्टमनला वाटत होतं. दरी आता लिफ्टच्या विहिरीसारखी भासत होती. फक्त वर छताऐवजी आभाळाची पट्टी. आणि खाली नदीकाठच्या दगडांवर माणसं बसलेली दिसू लागली. हात गळ्यात बांधलेली नवरी. दुपट्यातलं बाळ सांभाळत चुकीच्या मजल्यावर उतरलेला आजोबा. चाकाच्या खुर्चीतली ती मुलगी, जी प्रत्येक मजला आला की टाळ्या वाजवायची. या सगळ्यांना त्याने कधी ना कधी दारापर्यंत सोडलं होतं. दार उघडायचं, ती निघून जायची, दार मिटायचं. पुढे त्यांचं काय झालं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. आता ती निवांत बसली होती, पाण्यात पाय सोडून. मुलीने त्याच्याकडे बघून हात हलवला. तिला ओळख द्यावी म्हणून त्यानेही हात उचलला...

दोरीला जोराचा हिसका बसला, आणि नदीकाठचे दगड पुन्हा नुसते दगड झाले. वाटेत आडवं पडलेलं मूळ सांगायचं राहून गेलं होतं. काळोख्या गुडघ्यांवर पडला होता.

“लागलं?”

“एका गुडघ्याला. दुसरा आहे अजून.” काळोख्या उठून उभा राहिला. गुडघ्यावरून रक्ताची रेघ पोटरीपर्यंत आली. “गप्प का झालास? तू गप्प झालास की मला वाट संपल्यासारखं होतं.”

नदीवरच्या पुलापर्यंत ते चालतच आले. तिथे पिंपात पाणी ठेवलं होतं, दमलेल्यांसाठी जीप उभी होती, आणि पुलापलीकडून चढ सुरू होत होता. उभाच्या उभा. लिफ्टमन पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसला, आणि आपण आता उठणार नाही हे त्याला बसतानाच कळलं.

“मी सराव केला नाही,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“कसं?”

“तुझ्या सदऱ्याला रोज दुधाचा वास यायचा. जोरात सराव करणाऱ्याला घामाचा येतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर आला नसतास. मला दुसऱ्या कुणाबरोबर यायचं नव्हतं.” काळोख्या त्याच्या शेजारी बसला. “चल, जीपने जाऊ. वाटाड्याशिवाय आंधळ्याला सोडत नाहीत, नियम आहे. येईन की मी पुढच्या वर्षी.”

लिफ्टमन समोरच्या कड्याकडे बघत होता. वरच्या कडेला गवताची एक पट्टी होती आणि ती सारखी हलत होती. म्हणजे वर वारा होता.

पत्रं वाटणारी बाई पुलावर आली, पाणी प्यायली आणि टोपी भिजवून पुन्हा घातली.

“ताई,” लिफ्टमन म्हणाला, “वरपर्यंत याला घेऊन जाल?”

“मी?” ती म्हणाली. मग तिने दोरी पाहिली, काळोख्याचा गुडघा पाहिला. “न्यायला काय, नेईन. पण मला येत नाही हो हे.”

“नको,” काळोख्या म्हणाला. “मजल्या, नको ना रे.”

“गप बस. वेळ जातोय.” लिफ्टमनने मनगटातला फास सोडवला. घामाने दोर कातडीत रुतला होता. सोडवायला जरा वेळ लागला. मग पोराला लेखणी धरायला शिकवावी तसा त्याने तो फास बाईच्या बोटांत बसवला. “ओढायचं नाही. सैलही सोडायचं नाही. पायाखालचं आधी सांगा, डोक्यावरच्या फांद्या मग. आणि सगळं सांगून झालं की रंग सांगा. तो विचारतोच.”

“कशासारखे आहेत तेही सांगावं लागतं,” काळोख्या म्हणाला. तो उठला, चाचपडत खाली वाकला, आणि लिफ्टमनच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मग वळला.

पहिली काही पावलं चुकली. बाई भराभर चालत होती. “सावकाश, ताई, मी पत्र नाही,” असं काळोख्या म्हणाल्याचं ऐकू आलं. ती हसली, थांबली, पुन्हा निघाली. मग चार पावलांचा दोन पावलांसारखा आवाज येऊ लागला. पहिल्या वळणाशी तो दगडांत मिसळला. तरी लिफ्टमन कान देऊन बसला होता.

“काका, पाणी घ्या,” पिंपाजवळचा माणूस पेला पुढे करत म्हणाला.

लिफ्टमनने तो डाव्या हाताने घेतला. उजवा हात त्याने अंगापासून जरा दूर, मूठ मिटून धरला होता, आणि तो कोपरातून हळूहळू मागे-पुढे होत होता.