आठव्या खुंटीवरची गाठ

मित्रांनो, मी एक जुने लाइफ जॅकेट आहे. तळ्याच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीशेजारी आठ खुंट्या आहेत. त्यांतली शेवटची माझी. माझ्या पाठीवरच्या आठ आकड्याचा रंग मधोमध उडाला आहे, त्यामुळे लांबून तो शून्यासारखा दिसतो. मला त्याचे काही वाटत नाही. मला वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तपासणीच्या टेबलावरच्या मुलीने माझे पट्टे तीनदा हिसडून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हे काही सुटायचं नाही बाई!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे मिजास केली. धक्क्यावर आल्यावर कौतुकही झाले. एक धिप्पाड गृहस्थ मला घालून फेरीभर डोळे घट्ट मिटून बसले होते. उतरल्यावर त्यांनी मला हळूच थोपटले आणि कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिले.

मग मी जुने झाले. केशरी रंग विटला, अंगाला ओलसर वास यायला लागला. लोक नाके मुरडू लागले. पण नावेतल्या फळ्या फार टणक. त्यामुळे कुणीतरी मला मधोमध दुमडायचे, माझ्याच पट्ट्याने करकचून बांधायचे आणि खुशाल माझ्यावर बसायचे. मी उशी झाले. खरे सांगते, वाईट वाटले. पण सवयीने तेही अंगवळणी पडले.

आमच्या नावाडीकाकांची मोजायची एक रीत होती. फेरी संपली की ते खुंट्या बघत. आठ खुंट्या भरल्या म्हणजे आठ जण परत. इतक्या वर्षांत हा हिशेब कधी चुकला नव्हता, म्हणून तो चुकू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्या दिवशी शेवटच्या फेरीला एक आई, बाबा आणि त्यांची सहा वर्षांची छकुली होती. कॉलेजच्या चार मैत्रिणी होत्या. आणि टोपी घातलेले एक काका होते, एकटेच. त्यांनी मला दुमडले, बांधले आणि बूड टेकले.

छकुलीची आई सगळ्यांचे पट्टे न्याहाळत होती. "काका, जॅकेट घाला ना. बसताय काय त्याच्यावर?"

"अहो ताई, पाण्यात पडलो तर ते मला वाचवणार. न पडलो तर माझी कंबर कोण वाचवणार?"

नावाडीकाकांसकट सगळे हसले. आईसुद्धा हसली. एकदा सांगितले, आता आणखी किती मागे लागायचे, असे तिला वाटले असावे.

बेटाजवळ पक्ष्यांची घरटी दिसली. "अय्या, पिल्लं बघ!" म्हणत चौघी मैत्रिणी एकदम एका बाजूला उठल्या. नेमका त्याच क्षणी नावेचा तळ बुडालेल्या खोडावर घासला. नाव कलली आणि पालथी झाली.

मी पाण्यावर आले. एकटे. माझी गाठ तशीच होती.

आरडाओरडा ऐकून धक्क्यावरून दुसरी नाव आली. छकुलीला आधी उचलले, मग आईबाबांना, मग थरथरणाऱ्या मैत्रिणींना. नावाडीकाका स्वतः पोहत एकेकाला पुढे ढकलत होते. शेवटी त्यांनी तरंगणाऱ्या मलाही ओढून घेतले. पालथी नाव वाऱ्याने लव्हाळ्याकडे सरकत होती. "राहू दे तिला, पळून जातेय का? उद्या ओढू," असे म्हणून ते परत वळले.

मित्रांनो, त्या नावेच्या पलीकडच्या बाजूला काय होते, ते मला ठाऊक होते. पण मला तोंड नाही.

धक्क्यावर टॉवेल आले, चहा आला. नावाडीकाकांनी सगळ्यांची जॅकेटे काढून घेतली आणि खुंट्यांवर अडकवली. मला गाठीलाच धरून टांगले. मग मोठा श्वास सोडून ते फोनवर वरच्या साहेबांना म्हणाले, "हो साहेब, आठच्या आठ परत. काळजी नको."

माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला. बाबा गाडी काढायला निघाले. मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि "आपण चौघी आहोत ना? चौघी!" असे पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आई छकुलीला छातीशी धरून मनात मोजत होती, तीन, तीन, तीन. प्रत्येकाने आपापली माणसे मोजली होती. एकट्या माणसाला कोण मोजणार?

ऊन उतरायला लागले होते. छकुलीचे केस पुसता पुसता आईची नजर खुंट्यांवर गेली. सात जॅकेटांचे पट्टे सुटून लोंबत होते. आठवे गाठोड्यासारखे बांधलेले.

तिचा हात थांबला.

"दादा, हे शेवटचं जॅकेट कुणी घातलं होतं?"

"आठ नंबर? घातलं असेल कुणीतरी. आलंय ना परत."

"अहो, त्याची गाठच सुटलेली नाही! बांधलेलं जॅकेट कोण कसं घालेल?" तिचा आवाज चिरकला. "ते टोपीवाले काका कुठे आहेत?"

नावाडीकाकांच्या हातातला कप खाली पडला. "माणसं मोजायची राहिली हो," एवढेच पुटपुटत ते नावेकडे धावले. आईने छकुलीला बाबांकडे दिले, फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि नाव दिसेनाशी झाली तरी धक्क्याच्या कडेला उभीच राहिली. मी वाऱ्यावर हलत होते. दोघांनाही स्वस्थ बसवत नव्हते.

टोपीवाले काका लव्हाळ्यात सापडले. डोक्याला मार लागून ते भोवंडले होते. ओरडायला आवाज उरला नव्हता, पण पालथ्या नावेचा कणा त्यांनी सोडला नव्हता. त्यांना धक्क्यावर आणून चादरीत गुंडाळले, तेव्हा ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझी उशी कुठंय?"

"इथेच आहे. तिनेच तुमचा पत्ता सांगितला," आई म्हणाली, आणि इतका वेळ थोपवलेले रडू तिला फुटले.

पाच मिनिटांत काका म्हणायला लागले, "मी ठणठणीत आहे. घरी जातो."

"मुळीच नाही. डोक्याला मार लागलाय, छातीत पाणी गेलं असेल तर ते लगेच कळतही नाही. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घरी नाही. छकुलीलाही नेतेय, माझ्या पोरीला एक आणि तुम्हाला एक न्याय कसा?"

मग आई पोलिसांना फोन लावू लागली, तेव्हा नावाडीकाका अजिजीने म्हणाले, "ताई, सगळे सुखरूप आहेत. पोलिसबिलीस कशाला?"

"तुम्हाला अडकवायला नाही, दादा. ते खोड अजून पाण्यात आहे. उद्या त्यावर कुणाची नाव चढेल? आत्ता आठवतंय तोवर लिहा. किती वाजले होते, कोण कुठे बसलं होतं, काय झालं, काय चुकलं."

मग नावाडीकाकांनी सगळे लिहिले, आणि शेवटची ओळ कुणी न सांगता लिहिली: 'मी जॅकेटे मोजली. माणसे मोजली नाहीत.'

आता मी पाण्यात जात नाही. माझी गाठ कुणी सोडलेली नाही. प्रत्येक फेरीआधी नावाडीकाका मला दाखवून सगळी हकिकत सांगतात, मग प्रत्येकाचा पट्टा हिसडून बघतात. परतल्यावर वही उघडून नावे पुकारतात. एकटे आलेल्याचे नाव आधी.

मित्रांनो, मला घातलेत तर मी तुम्हाला तरंगते ठेवीन, पण तुम्ही परत आलात की नाही हे मला विचारू नका. ते माणसांनीच माणसांना विचारायचे असते. आपली माणसे सापडली तरी लगेच घरी वळू नका. शेजारी कोण बसले होते, ते आठवा.

परवा काका पुन्हा आले. नवी टोपी, पट्टे गच्च आवळलेले. फेरी संपली, वही उघडली, पहिले नाव पुकारले. दिवसभर वाऱ्यावर हेलकावणारे मी खुंटीवर जरा थांबले.

"आलोय हो, आलोय!" काका म्हणाले.

मग दुसरे नाव.