मंगळवारचा उंबरठा

चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती, आणि गाठीचं टोक पिंजलेलं... अण्णांनी ते दातांनीच तोडलं असणार. रविवारी लेकीकडे जेवायला आले आणि चष्मा इथेच विसरले. काल पोटात कळ आली, रात्री इस्पितळात नेलं, आज चारला ऑपरेशन. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं माणूस ओळखू येत नाही. आत जाण्याआधी त्यांनी माझं तोंड नीट बघावं, एवढंच तर...

सगुणानं चपला घातल्या, तर सासूबाई, चंद्राबाई, दारात पाट टाकून बसलेल्या.

"स्वल्प थांब ग. राहुकाळ लागलाय. साडेचारला नीघ."

"चारला आत नेतील त्यांना, आत्याबाई."

"मग काय, बाहेर बसायचंच आहे की."

सगुणाच्या डोक्यात तिडीक गेली. तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलूख सोडून इथं दक्षिणेत आलेलं घराणं! येताना अमावस्या आणली, शनिवार आणला, मांजर आडवं आणलं. इथं येऊन राहुकाळ घेतला, आषाढ घेतला. दोन्हीकडचे वाईट दिवस उचलले, चांगला एक कुणाचा घेतला नाही. शेजारची तमिळ बाई अमावस्येलाच नवं काम काढते, तिचं कुठे काय बिघडतं? आणि हे – एवढे इंजिनियर, कारखान्यात राहुकाळ टळल्याशिवाय नवं यंत्र सुरू करत नाहीत. म्हणे, पाळलं तर आपलं काय जातं? ज्याचं जातं त्याला विचारा! नळाला पाणी आलं की याच राहुकाळात सगळं घर घागरी घेऊन धावतं, तेव्हा कुठे जातो राहू? त्या दिवसांचं कुणाला काही आठवत नाही, कारण काही घडत नाही. धाकट्या भावोजींचा पाय एकदा मोडला, तो राहुकाळ मात्र अजून रोज पानात वाढला जातो.

"सरका. मी निघाले."

चंद्राबाई सरकल्या. अगदी सहज.

"जा बाई. वडील तुझे. मागनं काही झालं तर मला म्हणू नको, सरी? कळलं ना?"

दार उघडं होतं. समोर रस्ता, बस पकडली की इस्पितळ... पण काही झालं तर? डॉक्टरचा हात चुकला, अण्णांचं हृदय थकलं, काहीही – तरी सगळे म्हणतील, पोरगी नको त्या वेळी निघाली. सगळे कशाला, मीच म्हणेन. जन्मभर. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. इतका वेळ जिच्यावर जळफळत होते ती म्हातारी माझ्याच आत पाट टाकून बसलेली... आणि पाय उंबरठ्यावरून उचलत नव्हता.

चंद्राबाईंना भिंतीशी टेकल्या टेकल्या डुलकी लागली होती. तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर कसली काळजी नाही. आता अडवणारं कुणीच नव्हतं.

उठा ना, सगुणा मनातल्या मनात त्यांच्यावर ओरडली, उठा, आणि अडवा मला.