फीत बांधलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. बसू नका, उभ्यानेच ऐका. मी तुमच्यासाठी नाहीच, मी नूपुरसाठी आहे.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीमागच्या वस्तीत आमची अंगणवाडी आहे. नूपुर तीन वर्षांची, पण तिच्या पाठीत बळ नाही. आधाराशिवाय बसवली की कलंडते. बाकीची पोरं ओळीत बसून खिचडी खायची आणि ही सतरंजीवर पडून त्यांचे पाय बघायची. अंगणवाडीच्या सत्यवतीबाईंना ते बघवेना. त्यांनी वस्तीतून फळ्या मागून आणल्या, जुन्या दप्तरांचे पट्टे कापले, रुपराव सुताराला बोलावलं. त्याने नूपुरची पाठ, मांड्या, खांदे मापले आणि मला तिच्याच अंगाची घडवली.

पहिल्याच दिवशी तिने स्वतःच्या हाताने घास घेतला. निम्मा माझ्यावर सांडला. तिची आई सोनिका पदराने डोळे पुसायला लागली.

"काहून रडून राहिली वं?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"माही पोरगी बसून जेवून राहिली ना बाई!"

खिचडीचा तो डाग मी दागिन्यासारखा मिरवला असता. पण मध्ये भैयाजी कडमडले. हे वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. नळाला पाणी आलं तरी आधी फीत बांधतील असा माणूस! त्यांनी डाग घासून काढायला लावला, मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर लाल फीत बांधली आणि समाजभवनात कुलपात ठेवलं.

सोनिका हात जोडत आली. "भैयाजी, पोरीले लेटून खाताना ठसका लागते. खुर्ची द्या ना."

"देतो ना माय! पन आमदारसाहेबाच्या हातानं उद्घाटन तं होऊ दे. वापरलेली वस्तू दाखवाची का त्याइले?"

मला दात असते तर चावलेच असते. साहेबांना आधी वेळ नव्हता, मग आचारसंहिता लागली, मग पितृपक्ष आला. माझ्यावर वीजकेंद्राच्या राखेचा थर बसला. आणि तुम्ही वस्तीवाले? फळ्या देणारेसुद्धा खिडकीतून डोकावून "काय देखणी झाली" म्हणत पुढे गेलात. एकट्या सत्यवतीबाई भांडल्या, तर "बाई, तुम्हालेच काय घाई?" म्हणून त्यांना गप्प केलंत. भैयाजींपेक्षा माझा राग तुमच्यावर जास्त आहे.

शेवटी साहेब आले. फीत कापली, टाळ्या पडल्या. सोनिकाने नूपुरला माझ्यात बसवलं. तिचे खांदे मावेनात. पट्टा छातीवरून पलीकडे पोचेना. पोर वाढली होती. मी जिच्यासाठी घडले, तिला मीच आता तोकडी पडले.

"जरा दाबून बसवा ना, फोटोपुरती," भैयाजी म्हणाले.

नूपुर कळवळून रडली. फोटो निघाला. माझ्याच कडा तिच्या दंडांत रुतल्या होत्या, हे मी जन्मभर विसरणार नाही.

आज रुपराव करवत घेऊन आलाय. मला मधोमध चिरून, नवी फळी घालून रुंद करणार आहे. चीर बाबा, दुखलं तर दुखू दे. तेवढ्यात भैयाजी हार घेऊन पोचलेत, मागे तुम्ही सगळे. नूपुर आईच्या कडेवर भुकेली थांबलीय. दारातून बाजूला व्हा.